८९ डॉलरचा हप्ता आणि तोंडाला कुलूप : एका जाहिरातीचं प्रकरण

मॅडमनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. स्क्रीनवर एक तरुणी आरशात बघून हसत होती. खाली ठळक अक्षरांत महिन्याचा हप्ता आणि त्याखाली ‘घरबसल्या स्कॅन बुक करा’ असं निळं बटण. सगळ्या जाहिरातीत डॉक्टर नव्हता, खुर्ची नव्हती, तार तर नव्हतीच.

“दादा, मला असं काहीतरी करून द्या,” मॅडम म्हणाल्या.

मॅडम सांगलीत ऑर्थोडॉन्टिस्ट आहेत, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टर. मी पाट्या, फ्लेक्स, पत्रकं करतो आणि मजकूरही मीच लिहितो. त्यांच्या जुन्या पाटीवर नावाखाली ‘ऑर्थोडॉन्टिक क्लिनिक’ एवढंच होतं, आणि आमच्याकडे ‘ऑर्थो’ म्हटलं की हाडं. एक आजोबा गुडघ्याला पट्टा बांधून तासभर बाकावर बसले आणि नंबर आल्यावर पँटचा पायचा वर सरकवायला लागले, ही गोष्ट तिथल्या रिसेप्शनवरच्या ताई अजून हसून सांगतात.

मी मॅडमना म्हटलं, करून देतो, पण या जाहिरातीचं माहेर अमेरिकेत आहे. माहेरी तिचं काय झालं ते आधी बघू. ते प्रकरण मी बरेच दिवस वाचत होतो. त्यातलं निम्मं वाचताना ‘वा!’ म्हणावंसं वाटतं आणि उरलेल्या निम्म्यानं पोटात गोळा येतो.

खोक्यातली पुटी

स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी २०१४ मध्ये सुरू झाली. मुख्यालय टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला. संस्थापक अ‍ॅलेक्स फेन्केल आणि जॉर्डन कॅट्झमन हे पोरवयात समर कॅम्पमध्ये भेटलेले दोस्त. पाठीशी कॅट्झमनच्या वडिलांची गुंतवणूक कंपनी होती. दात हळूहळू सरकवणारे पारदर्शक ट्रे, म्हणजे अलायनर, हा काही यांचा शोध नव्हे. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजीनं ते ‘इन्व्हिसलाइन’ या नावानं आणले, एफडीएची, म्हणजे अमेरिकेतल्या औषध नियामकाची, परवानगी १९९८ ची. अलाइननं २००० साली अमेरिकेत टीव्हीवर जंगी मोहीम काढली तेव्हाच दंतवैद्यांच्या भुवया उंचावल्या होत्या. डॉक्टरला ओलांडून कंपनी थेट पेशंटशी बोलते म्हणजे काय! पण त्या जाहिरातीची वाट शेवटी दवाखान्याच्या दारातच जायची. ट्रे हवे असतील तर डॉक्टरकडे जाणं भाग होतं.

स्माइलडायरेक्टनं ते दारच काढून टाकलं. घरी पोस्टानं खोका यायचा. त्यात पुटीचे, म्हणजे ठसा घ्यायच्या मऊ लगद्याचे, दोन गोळे. दोन्ही मळून एकजीव करायचे, जबड्याच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये भरायचे, त्यात दात रुतवून गप्प बसायचं आणि घट्ट झालेला ठसा परत पाठवून द्यायचा. पुटीचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी ‘स्माइलशॉप’ होती. तिथे कॅमेऱ्यानं तोंडाचं स्कॅन होई. पुढे परवानाधारक दंतवैद्य दुरून, संगणकावर, ते दात बघून आराखड्याला मंजुरी देई आणि सगळे ट्रे घरपोच येत. सरासरी सहा महिन्यांत काम होतं, असं कंपनी सांगायची. भिंग लावूनही या सगळ्यात एक गोष्ट सापडत नाही : पेशंटच्या तोंडात बोट घालून बघणारा माणूस.

मजकूर, पेन्सिल घेऊन

आता त्या जाहिरातींकडे मी धंदेवाईक नजरेनं बघतो.

पहिलं पाऊल किमतीचं. ‘ब्रेसेसपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत स्वस्त’ (ब्रेसेस म्हणजे दातांच्या तारा) हा दावा सगळीकडे असे, आणि आकडाही उघड सांगितलेला असे. २०१९ च्या सुमारास एकरकमी १,८९५ डॉलर, नाहीतर सुरुवातीला २५० आणि मग महिना ८९ डॉलरचे चोवीस हप्ते. कुठल्याही ऑर्थोडॉन्टिस्टला फोन करून ‘किती लागतील?’ विचारा, उत्तर येतं, ‘आधी दाखवायला या.’ ते खोटं नसतं. तोंड बघितल्याशिवाय खर्च सांगणं म्हणजे गाडी न बघता गॅरेजवाल्यानं बिल सांगण्यासारखं. पण घरी बसून मनाची तयारी करणाऱ्याला ‘दाखवायला या’ हे ‘खिसा मोकळा करून या’ असं ऐकू येतं. तो फोन ठेवतो आणि आणखी तीन वर्षं ओठ मिटून फोटो काढतो. स्माइलडायरेक्टनं या माणसाला पकडलं.

हप्त्याची बेरीज मात्र जाहिरात करत नाही. ती आपण करायची : ८९ गुणिले २४ म्हणजे २,१३६, त्यात सुरुवातीचे २५० मिळवले की २,३८६. रोखीपेक्षा ४९१ डॉलर जास्त. लक्षात राहतो तो ८९. आपल्याकडे मोबाइलच्या दुकानाबाहेरचा फ्लेक्स हेच करतो, त्यामुळे मी त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तसले फ्लेक्स मीच छापलेत.

‘ब्रेसेसपेक्षा स्वस्त’ या तुलनेतली मेख मला मॅडमनी समजावली. तारांच्या खर्चात अवघड जबडे येतात, वर अडकलेले सुळे येतात, दाढा एकमेकींवर न बसणारी तोंडं येतात. दूरस्थ ट्रेंचा भर पुढच्या दातांच्या किरकोळ दाटीवर आणि फटींवर होता. एका पारड्यात अख्खा संसार आणि दुसऱ्यात फक्त पाहुण्यांची खोली ठेवून भाव केल्यासारखं ते होतं.

दुसरी गोष्ट, बोलायचं कुणाशी हे त्यांनी पक्कं ठरवलेलं होतं. ऑर्थोडॉन्टिस्टांची जाहिरात परंपरेनं आईबापांशी बोलते, कारण पेशंट बारा-चौदा वर्षांचा. यांनी मोठ्या माणसांना हाक मारली. शाळेत तारा लावलेल्या, मग रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा, कपाटात टाकून दिलेल्या आणि तिशीत दात पुन्हा फिरलेल्या माणसांना, किंवा ऑफिसात तोंडात लोखंड घेऊन बसायची लाज वाटणाऱ्यांना. एवढा मोठा वर्ग दवाखान्यांच्या जाहिरातीत कधी दिसतच नव्हता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत हुशारीची वाटते. ते ‘उपचार सुरू करा’ असं म्हणतच नसत. ‘किट मागवा’, ‘स्कॅन बुक करा’ एवढंच. उपचार हा शब्द दोन वर्षांचा आणि लाखभराचा वाटतो, स्कॅन अर्ध्या तासाचं. माणूस पहिली पायरी चढला की दुसरी आपोआप दिसते. घडीव काम!

जाहिरातीत नसलेली ओळ

आणि तरीही प्रत्येक जाहिरातीत एक ओळ गायब होती : हे कुणी करू नये.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्यावर सतत हलका दाब दिला की दाबाच्या बाजूचं हाड झिजतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. हे काम महिन्याला साधारण एक मिलिमीटर इतक्या गोगलगायीच्या चालीनं होतं. त्यासाठी हाड शाबूत लागतं. हिरड्यांचा आजार असेल, आत हाड आधीच खाल्लं गेलं असेल, तर तोच दाब दाताला सरळ न करता खिळखिळा करतो. पुटीच्या ठशात मुळं दिसत नाहीत, कॅमेऱ्याच्या स्कॅनमध्येही नाहीत. त्याला एक्स-रे लागतो.

अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना आणि डेंटल असोसिएशन नेमकं हेच बोलत राहिल्या. राज्याराज्यांच्या दंत मंडळांकडे तक्रारी गेल्या. कंपनीचं म्हणणं असं, की हे सगळे स्वतःचा धंदा वाचवायला ओरडताहेत. त्यात तथ्य अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही. दर उघड झाल्यावर कुठलाही व्यापारी ओरडतोच. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदाच केला : दात सरकवण्याआधी डॉक्टरनं पेशंटच्या हाडाचा अलीकडचा एक्स-रे किंवा तशीच प्रतिमा बघितली पाहिजे.

त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, कंपनी शेअर बाजारात उतरली होती. २३ डॉलरला विकलेला शेअर पहिल्याच दिवशी १६.६७ वर बंद झाला.

एकदाच येणारं गिऱ्हाईक

इथून पुढचा भाग मॅडमना मी दोनदा सांगितला.

कंपनीची २०१८ ची विक्री सुमारे ४२ कोटी ३० लाख डॉलर होती, आणि त्यातली साधारण निम्मी रक्कम जाहिरात आणि विक्रीवरच गेली होती. वर्षाअखेर तोटा साडेसात कोटींच्या घरात. आता विचार करा. साबण विकणारा जाहिरातीवर पैसा ओततो, कारण एकदा जिंकलेलं गिऱ्हाईक दर महिन्याला परत येतं. दात सरळ करायला माणूस आयुष्यात एकदा येतो. आजचा पेशंट झाला की उद्यासाठी नवा शोधायचा, त्यासाठी पुन्हा तेवढाच पैसा. चाळणीत पाणी भरल्यासारखं.

ऑर्थोडॉन्टिस्टांचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालला तो दुसऱ्याच वाटेनं. थोरलीच्या तारा निघाल्या की धाकट्याला आणतात, मग मावसभाऊ, मग सोसायटीतली मैत्रीण. एकदा येणारं गिऱ्हाईक परत येत नाही, पण दुसऱ्याला पाठवतं. सरळ झालेले दात चारचौघांत दिसतात आणि कुणीतरी विचारतंच, ‘कुणाकडे केलंस गं?’ जाहिरात तोंडोतोंडी होते, आणि ती फुकट असते.

नेमकं इथेच स्माइलडायरेक्टचं पाऊल घसरलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं जानेवारी २०२० मध्ये छापलं, की ठरलेल्या मुदतीनंतर पैसे परत मागणाऱ्या काही ग्राहकांकडून कंपनी एक करार सही करून घेते : पैसे घ्या, पण या परताव्याबद्दल कुठे बोलायचं नाही, आणि नकारात्मक अभिप्राय टाकला असेल तर काढायचा. कंपनीच्या मते ही नेहमीची व्यवहाराची पद्धत होती. डिसेंबर २०२२ मध्ये वॉशिंग्टन डी.सी.च्या अॅटर्नी जनरलनं, म्हणजे तिथल्या मुख्य सरकारी वकिलानं, याच करारांवरून खटला भरला आणि २०२३ मध्ये तो तडजोडीत मिटला. त्यानुसार कंपनीनं १७,००० हून अधिक ग्राहकांना त्या करारांच्या बंधनातून मोकळं करायचं आणि ५ लाख डॉलर भरायचे असं ठरलं.

हसू विकणाऱ्या कंपनीनं ग्राहकांच्या तोंडाला कुलूप लावायचं. मी वीस वर्षं पाट्या रंगवतोय, इतका स्वतःच्याच पायावर पडलेला धोंडा दुसरा पाहिला नाही. नव्या माणसाला आणायला विक्रीच्या निम्मा पैसा, आणि नाराज माणसानं इतरांशी बोलू नये म्हणून कागदपत्रं!

सप्टेंबर २०२३ च्या शेवटी कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज ९० कोटी डॉलरच्या आसपास होतं. ८ डिसेंबरला कामकाज बंद. ज्यांचे ट्रे अर्ध्यावर होते त्यांना सांगितलं गेलं, की तुमचा उपचार आमच्याकडून आता होणार नाही, आयुष्यभराची ‘स्माइल गॅरंटी’ संपली, मात्र हप्त्यावर घेतलं असेल त्यांनी हप्ते भरत राहावेत. तो ८९ चा आकडा जाहिरातीपेक्षा जास्त दिवस जगला. कंपनीच्या सांगण्यानुसार तोवर २० लाखांहून जास्त लोकांनी तिचे ट्रे वापरले होते. त्यातल्या पुष्कळांचं काम नीट झालंही असेल. पण अर्ध्यावर अडकलेल्याला जायला एक पत्ता लागतो, जिने चढून जाता येईल असा. तो या धंद्यात नव्हताच, आणि तो नाही म्हणूनच तर जाहिरात इतकी सुटसुटीत झाली होती.

सांगलीत परत

मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे मी काहीच करायचं नाही का?”

करायचं. पण त्यांच्यासाठी आणखी एक कुंपण होतं. अमेरिकेत व्यावसायिकांच्या जाहिरातींवरचे निर्बंध सत्तरच्या दशकापासून ढिले होत गेले. आपल्याकडे डेंटल कौन्सिलच्या २०१४ च्या सुधारित आचारसंहितेत रुग्ण ओढण्यासाठी केलेली जाहिरात, थेट असो वा आडवाटेची, अनैतिक मानलेली आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही काळ बंद आहे, पुन्हा सुरू झाला, अशी निवेदनं चालतात. ‘दिवाळी धमाका, तारांवर ५० टक्के सूट’ चालत नाही. असला फ्लेक्स मागणारे डॉक्टर मला भेटलेत. मी नाही म्हणतो, ते पुढच्या दुकानात जातात.

मग आम्ही जाहिरात करायचं सोडून उत्तरं लिहायचं ठरवलं. रिसेप्शनच्या ताईंना एक वही दिली : फोनवर किंवा बाकावर बसून लोक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं, सुधारायचं नाही. महिन्याभरानं वही उघडली. ‘पोरीचा सुळा वर आलाय, चालेल का?’ ‘क्लिप लावल्यावर दात काढावे लागतात म्हणे?’ ‘दहावीचं वर्ष आहे, आत्ता लावू का?’ ‘लग्न डिसेंबरात आहे, तोवर होईल?’ ‘नुसता एक दात आत गेलाय, त्याचे कमी पडतील ना?’ आणि जवळजवळ प्रत्येक पानावर, ‘किती लागतात?’ ‘मॅलोक्लूजन’ (वरखालचे दात नीट न जुळणं) हा शब्द वहीत एकदाही नव्हता. मॅडमच्या जुन्या पत्रकात तो चार वेळा होता.

त्या वहीवरून एक पानी कागद केला. दवाखान्यात ठेवायचा आणि फोन करून विचारणाऱ्याला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. ज्यानं विचारलं त्यालाच उत्तर, गल्लीभर फ्लेक्स नाही. त्यातल्या काही ओळी अशा :

*दुधाचे सगळे दात पडेपर्यंत थांबू का?* तपासायला थांबू नका. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दाखवा. बहुतेक मुलांना तेव्हा काहीच करावं लागत नाही, नुसतं लक्ष ठेवतो.

*दहावीत लावू का?* लावता येतात. पहिले काही दिवस दुखतं, भाकरी भिजवून खावी लागते. म्हणून पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात नको.

*लग्नाआधी होईल का?* लग्न सहा महिन्यांवर असेल तर बहुधा नाही. घाई करणारा डॉक्टर शोधू नका.

*तारा काढल्या की संपलं?* नाही. रिटेनर घालावा लागतो. कपाटात ठेवलात तर दात परत फिरतात.

दोन ओळींवरून आमची जुंपली. ‘किती लागतात?’ ला कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे छापावेत, असा माझा हट्ट. मॅडम म्हणाल्या, “दादा, लोक खालचाच आकडा धरून बसतात.” बसू देत, मी म्हटलं, निदान बसायला तरी येतील. कोणत्या प्रकारच्या तोंडाला वरचा आकडा लागतो तेही खाली लिहू. दोन दिवस अडून मग त्यांनी आकडे दिले.

दुसरी ओळ त्यांची होती आणि ती मला नको होती : ‘हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा दात हलत असेल तर आधी तुमच्या नेहमीच्या दंतवैद्याकडे उपचार घ्या. त्याआधी आम्ही तारा लावणार नाही.’ मी म्हटलं, आलेल्या माणसाला परत पाठवणारी ओळ कोण छापतं? मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांना बोलायची गरज पडली नाही. अमेरिकेची सगळी गोष्ट मीच तर सांगितली होती. ती ओळ आता कागदाच्या वरच्या भागात आहे, आणि गावातले दोन-तीन दंतवैद्य तो कागद स्वतःच्या टेबलावर ठेवतात. कारण त्यात त्यांच्याकडे पेशंट जाताना दिसतो, त्यांच्याकडून पळवलेला दिसत नाही.

पाटीही बदलली. नावाखाली आता मोठ्या अक्षरांत ‘वेडेवाकडे दात सरळ करण्याचा दवाखाना’ असं आहे, आणि पदवी खाली बारीक.

रिसेप्शनच्या रजिस्टरमध्ये आम्ही एक रकाना वाढवला होता : ‘कुणी सांगितलं?’ परवा नवी व्हिजिटिंग कार्डं द्यायला गेलो तेव्हा ते चाळत बसलो. ‘आत्या’, ‘हिच्या दादाच्या इथेच होत्या’, ‘शेजारच्या काकू’, ‘दाढ काढली त्या डॉक्टरांनी’, ‘शाळेतली मैत्रीण’. एका ओळीवर ताईंनी नुसता गुडघा काढला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, “ते आजोबा हो. नातीला घेऊन आले होते.”